लोकसेवा आयोगाच्या सन्मानार्थ टपाल तिकीट: चित्रात धोलपूर हाऊस हवं की पोस्टाच्या शिक्क्याखालचा अर्ज?

करवीर_टपाल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

१ ऑक्टोबर २०२६ ला केंद्रीय लोकसेवा आयोगाला शंभर वर्षं होतात. गेल्या रविवारी आम्ही तिकिटं जमवणारे चार-पाच जण कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मित्राच्या दुकानात बसलो होतो. आयोगाच्या सन्मानार्थ टपाल तिकीट म्हटलं तर त्यावर चित्र कशाचं हवं, असा विषय निघाला. तिघांनी लगेच सांगून टाकलं, धोलपूर हाऊस. दिल्लीच्या शहाजहान रोडवरचा धोलपूर संस्थानिकांचा तो जुना वाडा, जिथं आयोगाचं कार्यालय आहे आणि जिथं मुलाखती होतात.

मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे तिथं नीट सांगता येईना. घरी येऊन जुना अल्बम काढला. शेवटच्या पानामागं बटर पेपरच्या पाकिटात एक तिकीट आहे. टपालाचं नव्हे, सेंट्रल रिक्रूटमेंट फी स्टॅम्प, म्हणजे केंद्रीय भरती शुल्काचं तिकीट. त्यावर तारखेचा शिक्का कधी पडलाच नाही. डिंक पिवळा पडून एका कोपऱ्यात पाकिटाला चिकटलाय, तिथले दोन दाते गेलेत. चिमट्यानं सोडवायला गेलो तर आणखी फाटेल म्हणून मी हात लावत नाही. ते तिकीट माझ्या धाकट्या भावाचं आहे.

नव्या मुलांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. आता आयोगाचा अर्ज मोबाईलवरून जातो. तेव्हा फॉर्म माहितीपुस्तिकेसकट ठरावीक पोस्टांत विकत मिळायचा. आम्ही तो रमणमळ्याच्या हेड पोस्टातनं आणायचो. फीसाठी पोस्टाच्याच खिडकीवर हे भरती शुल्काचं तिकीट घ्यायचं, अर्जावरच्या ठरलेल्या चौकोनात चिकटवायचं आणि तिथल्याच कारकुनाकडून त्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का थोडा तिकिटावर आणि थोडा अर्जाच्या कागदावर पडला पाहिजे, अशी सूचना असायची. साधं टपाल तिकीट लावलं तर चालत नसे. मग फॉर्मला घडी न घालता तो लिफाफ्यात सरकवायचा आणि पत्ता लिहायचा: सचिव, संघ लोकसेवा आयोग, धोलपूर हाऊस, शहाजहान रोड, नवी दिल्ली ११००६९. भावाला हा पिनकोड आजही तोंडपाठ आहे.

२००३ साली त्यानं फॉर्म आणला, तिकीट घेतलं. त्याच आठवड्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. धावपळीत मुदत टळली. पुढच्या वर्षी घरची जबाबदारी त्याच्यावर आली आणि तो गोकुळ शिरगावला कारखान्यात कामाला लागला. फॉर्म रद्दीत गेला, तिकीट मी ठेवून घेतलं.

म्हणून मला वाटतं, चित्रात अर्ज हवा. अर्जावरचा चौकोन, त्यातलं शुल्काचं तिकीट आणि निम्मा आत, निम्मा बाहेर पडलेला पोस्टाचा गोल शिक्का. आमच्यापैकी फार थोड्यांनी धोलपूर हाऊसचं फाटक बघितलं. आमच्यासाठी आयोग म्हणजे पोस्टाची खिडकी होती.

तुमचं मत सांगा. आयोगाचा अर्ज कधी भरला असेल तर तेही लिहा.

संध्यामठ

दादा, तुमच्या भावाचं वाचून गलबलून आलं. तरीही मी इमारतीच्या बाजूनं आहे.

तिकीट पाकिटावर बसून गावोगाव जातं. बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हे कशाबद्दल आहे. १९७९ चं राजर्षी शाहूंचं तिकीट घ्या. महाराष्ट्राबाहेरच्या माणसालाही नुसत्या चेहऱ्यावरून, पेहरावावरून कळतं की हा कुणी मोठा राजा. अर्ज आणि चौकोन बघून काय कळणार? बँकेचा फॉर्म वाटेल. धोलपूर हाऊस निदान ज्यांनी तयारी केली त्या लाखो मुलांच्या डोळ्यांसमोर असतं. माझ्या खोलीत अभ्यासाच्या टेबलावर त्याचा फोटो चिकटवलेला होता. पहाटे साडेचारला उठायचं बळ त्या फोटोनं दिलं. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, मुलाखत मिळाली नाही. फोटो अजून काढलेला नाही.

जुने_दाते

दोघांचंही खरं आहे. थोडी तांत्रिक बाजू मांडतो, कारण पुष्कळ वाद तिथंच मिटतील.

आपल्याकडं स्मारक तिकिटाचा नेहमीचा आकार साधारण ३९ बाय २९ मिलिमीटर. त्यात 'भारत', इंग्रजीत 'इंडिया', किंमत आणि संस्थेचं नाव हिंदी-इंग्रजीत एवढं बसवावंच लागतं. राहिलेल्या जागेत एक गोष्ट नीट दिसते, दोन गोष्टी कशाबशा दिसतात, तिसरी घातली की चित्राचा चिखल होतो. इमारत, बोधचिन्ह, अर्ज, परीक्षार्थी आणि मागं संसद असं सगळं एकत्र कोंबलेलं तिकीट काढू नये, एवढी माझी कळकळीची विनंती.

पण तिकीट एकटं नसतं, हे आपण विसरतो. त्याच्यासोबत फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघतं त्या दिवशीचं खास पाकीट असतं, त्यावरचा पहिल्या दिवसाचा खास शिक्का असतो आणि माहितीपत्रक असतं. चारही ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी सांगता येतात. म्हणजे तिकिटावर अर्ज, कव्हरवर डाव्या बाजूला रेखाचित्रात धोलपूर हाऊस, शिक्क्यात '१ ऑक्टोबर १९२६' आणि इतिहास माहितीपत्रकात. संध्यामठताई, तुमची इमारत कव्हरवर जास्त ऐसपैस बसेल. तिथं तिला हाताच्या तळव्याएवढी जागा मिळते.

आणखी एक. 'माय स्टॅम्प' म्हणजे स्मारक तिकीट नव्हे. २०११ पासून पोस्ट पैसे घेऊन आपला फोटो तिकिटाशेजारी छापून देतं, बारा तिकिटांचा ताव मिळतो. संस्था, कॉलेजं कार्यक्रमात तेच वाटतात आणि बातमी येते, 'आमच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.' स्मारक तिकिटाचा प्रस्ताव टपाल खात्याच्या फिलाटेली सल्लागार समितीपुढं जातो. संग्राहकांनी तरी हा फरक सोडू नये.

नाशिकरोड_छाप

१९२६ हे साल वाचून थांबलो. मी नाशिकरोडचा, घरात दोन पिढ्या प्रेसमध्ये. हिंदुस्थानची टपाल तिकिटं आधी लंडनला डे ला रू कंपनीत छापून यायची. १९२६ पासून ती नाशिकला छापली जाऊ लागली. पंचम जॉर्जचंच चित्र, पण कागदातला जलचिन्हाचा तारा बदलला. लंडनच्या छपाईत प्रत्येक तिकिटाला एक तारा, नाशिकच्या कागदात लहान लहान तारे पसरलेले. तिकीट उलटं करून बेंझिनचा थेंब टाकला की दिसतात. माझ्या आजोबांनी मला हे दहाव्या वर्षी दाखवलं होतं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लोकसेवा आयोग नेमला गेला. १८५५ पासून आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेची, स्पर्धा परीक्षा फक्त लंडनला. इथल्या पोरानं बोटीचं भाडं काढून तिकडं जायचं. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली पहिले निवडले गेले, त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि ते साताऱ्याचे जज्ज म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यानंतरही कितीतरी वर्षं परीक्षा तिकडंच. १९२२ साली ती पहिल्यांदा हिंदुस्थानात, अलाहाबादला झाली. म्हणजे चार-पाच वर्षांच्या अंतरानं तिकिटाची छपाई आणि साहेबाची परीक्षा दोन्ही लंडनहून इकडं आली. माहितीपत्रकात हे एका ओळीत आलं तर नाशिककरांना फार बरं वाटेल.

प्रश्न_क्र_५१

एक शंका. आयोग २६ जानेवारी १९५० ला झाला ना? मग शंभर वर्षं कशी?

कलम_३१५

नाव १९५० चं, संस्था १९२६ ची. १९१९ च्या कायद्यात अशा आयोगाची तरतूद होती. १९२४ च्या ली आयोगानं तो लगेच नेमा असं सुचवलं. १ ऑक्टोबर १९२६ ला पब्लिक सर्व्हिस कमिशन सुरू झालं. अध्यक्ष सर रॉस बार्कर आणि चार सदस्य. तेव्हा त्याचं काम मुख्यतः सल्ल्याचं. १९३५ च्या कायद्यानंतर ते १९३७ साली फेडरल पब्लिक सर्व्हिस कमिशन झालं आणि २६ जानेवारी १९५० ला संघ लोकसेवा आयोग.

सरकारी नोकरी देणारं एक खातं निराळं आणि आयोग निराळा, हा फरक संविधानानं केला. कलम ३१५ ते ३२३ मध्ये तो आहे. आयोगाचा खर्च संचित निधीतून होतो, म्हणजे त्यावर दरवर्षी संसदेत मतदान होत नाही. अध्यक्ष निवृत्त झाल्यावर पुन्हा सरकारी नोकरी धरू शकत नाही. गैरवर्तनाच्या कारणानं त्याला काढायचं तर राष्ट्रपतींना आधी सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी करून घ्यावी लागते. कुणा मंत्र्याच्या फोननं निवड बदलू नये म्हणून ही व्यवस्था. आमच्या गल्लीत लोक अजून विचारतात, "कुठं काय द्यावं लागलं काय?" मी त्यांना ही कलमं समजावून सांगतो. तिकिटावर कलमाचा आकडा टाकावा असा माझा हट्ट नाही, माहितीपत्रकात मात्र तारखांच्या आधी हे यायला हवं.

गुऱ्हाळाची_वाट

हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. आता लिहितोच.

१९९६. मी मुख्य परीक्षा दिली होती. मार्च महिना, आमचं गुऱ्हाळ चालू. दुपारच्या आधणाला मी कढईवर होतो. मळी काढून झालेली, रस तांबूस व्हायला लागलेला, अशा वेळी कढई सोडता येत नाही. पोस्टमनमामा बांधावरनं सायकल हातात धरून आले. रजिस्टर पत्र, दिल्लीचं. त्यांनी गल्लीत विचारलं असणार आणि तसेच अर्धा मैल आत आले होते. घरात कुणाच्या हाती देऊन जाता आलं असतं, पण ते म्हणाले, "तुझ्या हातातच द्यायचं ठरवलं." सही करायला पेन धरलं तर बोटं काकवीनं चिकट. त्यांनी धोतराच्या सोग्यानं माझा अंगठा पुसला. तरी लिफाफ्यावर डाग पडलाच. मुलाखतीचं बोलावणं होतं. मामांनी चिमूटभर गूळ तोंडात टाकला आणि पुढच्या गावाला गेले.

मी धोलपूर हाऊसला गेलो. अर्धा तास मुलाखत झाली. बोर्डातल्या एका बाईंनी गुळाबद्दलच विचारलं, भेंडीचा रस कशाला घालता, केमिकल घातलं तर रंगात काय फरक पडतो. मनापासून ऐकलं त्यांनी. अंतिम यादीत माझं नाव नव्हतं. मी पुढं शिक्षक झालो, याच वर्षी निवृत्त होतोय.

डागाचा लिफाफा माझ्याकडं आहे. त्यावरचं तिकीट मी कधी सोडवलं नाही. तुम्ही लोक तिकिटं कोमट पाण्यात भिजवून सोडवता ते माहीत आहे, पण ते पाण्यात घातलं तर डागही जाईल.

तिकीट निघावं ते आमच्यासारख्यांचंही. निवडले गेलेल्यांचे सत्कार गावोगाव होतात, व्हायलाच हवेत. पण आयोगाची शंभर वर्षं जेवढी निवडलेल्यांची, तेवढीच परत आलेल्यांचीही आहेत. इमारतीच्या चित्रात फक्त आत गेलेला दिसतो. अर्जाच्या चित्रात सगळे येतात. म्हणून माझं मत करवीर_टपाल यांना.

संध्यामठ

सर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि माझं मत बदललं. धोलपूर हाऊस कव्हरवर. तिकिटावर अर्ज.

खडकवासला_आई

सगळे कलेक्टरच्या परीक्षेबद्दल लिहितायत म्हणून मध्ये येते. आयोग म्हणजे एवढीच परीक्षा नाही. इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, भूशास्त्रज्ञ, केंद्राच्या दवाखान्यांतले डॉक्टर, वनसेवा, सांख्यिकी सेवा, शिवाय सैन्यात अधिकारी व्हायच्या एनडीए आणि सीडीएस. एनडीएची लेखी परीक्षा आयोगच वर्षातून दोनदा घेतो, त्यानंतर सैन्याच्या निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, म्हणजे एसएसबी.

कोल्हापूर जिल्ह्यात सैन्याची परंपरा मी सांगायला नको. पण मुलींना एनडीएचं दार २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडलं. ३० मे २०२५ ला सतरा मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. त्या दिवशी मी आणि माझी मुलगी टीव्हीसमोर उभ्या होतो, बसलोच नाही. ती आता अकरावीत आहे. रोज पहाटे पोलो मैदानाला पळायला जाते आणि संध्याकाळी गणित.

तुमच्या चित्रात अर्जावर फोटोचा चौकोन असेलच. त्यात मुलीचा चेहरा असावा. दोन वेण्यांची, साधी मुलगी.

पेपर_मराठीतून

भाषेचा मुद्दा कुणीच काढला नाही याचं नवल वाटलं.

माझ्यासारख्या मराठी शाळेतल्या पोराला आयोगाचं दार उघडलं ते कोठारी समितीमुळं. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीचा अहवाल १९७६ चा. १९७९ पासून पूर्व, मुख्य आणि मुलाखत असा तीन टप्प्यांचा सांगाडा आला आणि मुख्य परीक्षेची उत्तरं संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत लिहायची मुभा मिळाली. आता मुख्य परीक्षेत नऊ पेपर, गुणवत्तेला धरले जाणारे १७५० गुण, मुलाखतीचे २७५, मिळून २०२५. इंग्रजीचा सक्तीचा पेपर सोडला तर हे सगळं मराठीतून देता येतं, मुलाखतसुद्धा. पूर्वपरीक्षेचा कागद मात्र अजून हिंदी-इंग्रजीतच येतो, तिथं आमच्या पोरांचा वेळ जातो. प्रश्न वाचायचा इंग्रजीत, मनात मराठी करायचं, मग पर्याय. हे दुखणं आयोगाच्या शताब्दीत बोलायला हवं.

आपल्या गावचे भूषण गगराणी मराठीतून परीक्षा देऊन १९९० च्या तुकडीत आयएएस झाले. आम्ही राजाराम कॉलेजच्या आवारातल्या सरकारी पूर्वप्रशिक्षण केंद्रात शिकत होतो तेव्हा हे उदाहरण रोज कुणीतरी द्यायचं. करवीर नगर वाचन मंदिरात सकाळी दार उघडायच्या आधी पायऱ्यांवर रांग असायची. १८५० साली सुरू झालेलं ते ग्रंथालय. तिथं खिडकीजवळचं टेबल मिळावं म्हणून मी हिवाळ्यात सहाला सायकल काढायचो.

तर सूचना अशी. तिकिटावर 'लोकसेवा' हा शब्द परिशिष्टातल्या बावीस भाषांत बारीक अक्षरांत पार्श्वभूमीला यावा.

जुने_दाते

कल्पना मनापासून आवडली, पण ३९ बाय २९ मध्ये बावीस ओळी म्हणजे नुसते दाणे दिसतील. भिंग लावून वाचावं लागेल. ओडिया, मल्याळम, उर्दू, ओल चिकी सगळ्याच लिप्यांवर अन्याय होईल. ताव छापताना तिकिटांभोवती जो मोकळा काठ सुटतो, तिथं घालता येईल. नाही तर मिनिएचर शीट काढायची, म्हणजे मध्ये एक तिकीट आणि भोवती बावीस भाषा. संग्राहक अशी शीट फोडत नाहीत, ती अख्खी राहते.

पेपर_मराठीतून

मिनिएचर शीट उत्तम. मग माझी तक्रार नाही.

एसटीचा_पास

चांगल्या आठवणींत एक कडू सांगतो. राग म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून.

२००४. मी ज्या तालुक्याच्या गावात राहायचो, तिथून फॉर्म मिळायच्या पोस्टाला जायला एसटीनं सव्वा तास. फॉर्म आणला, भरती शुल्काचं तिकीट चिकटवलं. शिक्का मारून घ्यायला गावच्या पोस्टात गेलो. खिडकीवरच्या माणसानं हे तिकीट आधी बघितलेलं नव्हतं. "हे टपालाचं नाही, याला आम्ही शिक्का कसा मारू?" म्हणाला. मी पुस्तिका उघडून दाखवली, इंग्रजीतली सूचना वाचून दाखवली. मागं पेन्शनवाल्यांची रांग. शेवटी त्यानं मारला, पण हात हलका, शाई सुकलेली. तिकिटावर जेमतेम एक कमान उमटली, कागदावर काहीच नाही. मी वयानं लहान, पुन्हा मारा म्हणायची हिंमत झाली नाही. शेवटचे दोन दिवस उरले होते, तसाच पाठवला.

पोचपावतीचं कार्ड आलंच नाही. हॉल तिकीटही आलं नाही. अर्ज कशानं बाद झाला ते मला कुणी कळवलं नाही, पण त्या शिक्क्याशिवाय दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. तो माझा शेवटचा प्रयत्न होता.

मी त्या कारकुनाला दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण तुमच्या चित्रातला शिक्का ठळक असू द्या. काळाभोर, वाचता येईल असा.

यमगे_रस्ता

लई जिव्हारी लागलं भावा.

आमच्या कागल तालुक्यात गेल्या वर्षी एप्रिलात, म्हणजे २०२५ ला, यमगेच्या मेंढपाळाच्या पोराचा निकाल लागला. ५५१ वा नंबर. निकाल कळला तेव्हा ते पोरगं मेंढराच्या कळपातच होतं. पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडं, अशा अवतारात त्याचे फोटो सगळीकडं फिरले. आमच्या वस्तीवरची बारकी पोरं आता पुस्तकाचं नाव विचारायला येत्यात. माझ्या मामेभावानं तालुक्याच्या वाचनालयात वर्गणी भरली. एवढं बघून बोलतोय.

शाहूंचे_वसतिगृह

इतका वेळ वाचत होतो. कोल्हापूरच्या धाग्यावर एक गोष्ट आली पाहिजे.

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांमधून भरायचा हुकूम काढला. महाराज तेव्हा विलायतेत होते, तिथून हुकूम आला आणि इथल्या गॅझेटमध्ये छापला गेला. नोकरभरती हा न्यायाचा प्रश्न आहे, हे दिल्लीत आयोग बसायच्या चोवीस वर्षं आधी या गावात लिहून निघालं. आणि नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. १९०१ पासून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि पुढं जातीजातींची वसतिगृहं उभी केली. नोकरीत यायचं तर आधी शिकायला गावात राहायची सोय हवी, हा हिशेब त्यांनी पक्का केला होता. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. १९२० ला माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं, आणि त्याच बाबासाहेबांनी १९४९ ला संविधान सभेत लोकसेवा आयोगाची कलमं मांडली. एवढी सरळ वाट आहे ही.

तिकिटावर महाराजांचा चेहरा यावा असं मला वाटतं.

कलम_३१५

तुमच्या शब्दाशब्दाला मान. तरी चेहरा नको, असं मी म्हणेन. महाराजांचं स्वतःचं तिकीट १९७९ ला निघालेलं आहे. आयोग संघराज्याचा, त्याच्या तिकिटावर एका संस्थानचा राजा आला तर बडोदेकर, म्हैसूरकर सगळेच आपापलं म्हणणं मांडतील, आणि तेही चूक नसेल.

करवीर_टपाल

यावर तोडगा आहे. विशेष आवरण. तिकीट दिल्लीहून ठरतं, पण एखाद्या गावच्या प्रसंगासाठी स्पेशल कव्हर आणि खास शिक्क्याची मागणी गावातून करता येते. आपला विभाग महाराष्ट्र परिमंडळातल्या गोवा क्षेत्रात, तिथं अर्ज करायचा. कव्हरवर वसतिगृहाच्या ओसरीवर कंदिलाशी बसलेलं पोर आणि शिक्क्यात '२६ जुलै १९०२'. कोल्हापूरनं आयोगाला दिलेली भेट म्हणून. माझ्या अल्बमात शाहू महाराज १९७९, कर्मवीर भाऊराव १९८८ आणि वि. स. खांडेकर १९९८ एका पानावर आहेत. त्या पानाखाली हे आवरण लावीन.

आता आराखडा. गेले तीन दिवस दुकान बंद केल्यावर बसून काढलाय. मूळ आकाराच्या चौपट, म्हणजे १५६ बाय ११६ मिलिमीटरच्या कागदावर. पार्श्वभूमी अर्जाच्या कागदासारखी फिकट. डावीकडं फोटोच्या चौकोनात दोन वेण्यांची मुलगी. उजवीकडं खाली भरती शुल्काचं तिकीट आणि त्यावर काळा गोल शिक्का. नावाची चौकटं मोकळी ठेवलीत, एकेका अक्षराचा एकेक रिकामा चौकोन. वरच्या कडेला कागदावर तांबूस डाग, गुऱ्हाळाची_वाट यांच्या लिफाफ्यावरचा. सर, त्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, मला रंग नीट जुळवायचाय.

काल रात्री भाऊ जेवायला आला होता. त्याला काही न सांगता कागद पुढं ठेवला. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली, शिक्क्याचा गोल खोडला आणि थोडा खाली सरकवून पुन्हा काढला. म्हणाला, "तू सगळा तिकिटावरच मारलायस. निम्मा कागदावर पडला पाहिजे, नाहीतर अर्ज बाद होतो."

रविवारी दहा वाजता लक्ष्मीपुरीत कागद घेऊन येतोय. एसटीचा_पास, तुम्हीही या. शिक्क्याची शाई तुमच्यासमोर भरायची आहे.